दोन इंद्रियांचा जीव

उत्तरेच्या खिडकीतला उजेडच खरा,
बापूजी म्हणायचे,
दिव्याखाली मोती खोटं बोलतो.
कोबेतल्या तिसऱ्या मजल्यावर, घर आणि पेढी एकच,
पांढऱ्या कापडावर ते मोती निवडत बसत.
गुलाबी छटा इकडे, हिरवट तिकडे,
डागाचा बाजूला.
डाग सांगून विकायचा,
धंद्यातली त्यांची एवढीच युक्ती.

हिवाळ्यात सूर्य पाचच्या आत मावळे.
साडेचारला डबा उघडायचाच,
समोर ओसाकाचं गिऱ्हाईक असो की बँकेचा माणूस.
हानाए-सान, तीस वर्षं आमचे सर ओवणारी,
घड्याळ न बघता पाणी उकळायला ठेवी.
तिनेच सांगितलं, इथल्या सुपात मासा असतो,
दिसत नाही एवढंच.
बापूजी हसले.
जे दिसत नाही, म्हणाले, त्याचाच हिशेब अवघड.

पाठशाळेत मी घोकलं होतं:
माती, पाणी, आग, वारा, झाड, यांना इंद्रिय एक.
शंख, शिंपला, अळी, यांना दोन,
स्पर्श आणि चव.
मुंगीला तीन, माशीला चार.
नऊ वर्षांची होते. घरी येऊन विचारलं,
'शिंपल्याला दोन ना, बापूजी?
मग मोती काढताना त्याला कळत असेल?'

कापडावरचा हात थांबला.
आत रोटली लाटणारा आईचाही.

पुढच्या डिसेंबरात ते आगोच्या खाडीवर गेले,
मला घेऊन.
फळ्यांच्या शेडमध्ये ओळीने बायका,
रबरी हातमोजे, आखूड सुऱ्या.
मनगट वळायचं, शिंपला उघडायचा,
आणि आतलं मऊ अंग
पात्याच्या गारव्याने आक्रसायचं.
स्पर्श.
चवीचं कोण विचारतो.

काम आटोपल्यावर तोकुयो नावाची म्हातारी
एका दगडी खांबापुढे हात जोडून उभी राहिली.
वर्षातून एकदा, ती म्हणाली,
शिंपल्यांसाठी इथे मंत्र म्हणतात.
बापूजींनी जोडे काढले
आणि तिच्या शेजारी उभे राहिले.
त्यांचे मोजे भिजले. परतीच्या गाडीत
ते काहीच बोलले नाहीत.

धंदा त्यांनी सोडला नाही.
हे मी सजवून सांगणार नाही.
पालनपूरला सहा तोंडं होती, दोन बहिणींची लग्नं,
धाकट्याने करून ठेवलेलं कर्ज.
मी मोठी झाल्यावर एकदा म्हणाले,
एका अर्थाने मी दोषी,
एका अर्थाने बांधलेला,
एका अर्थाने दोन्ही,
आणि एका अर्थाने, बेटा,
सांगताच येत नाही.

वहीत मात्र एक रकाना वाढला.
माल, वजन, भाव,
आणि शेवटी पेन्सिलीने: शिंपले, किती.
वरची हद्द ठरली. तिच्यापुढे एक दाणाही खरेदी नाही.
तेजीच्या वर्षी भाऊबंद खो खो हसले.
आईच्या गळ्यात सर कधीच आला नाही.
तिने मागितला होता का, ते मी विचारलं नाही.

भूकंपाच्या पहाटे कपाट आडवं झालं.
काळोखात फरशीभर मोती घरंगळत होते,
तो आवाज अजून झोपेत येतो.
बापूजी अनवाणी त्यांच्यावरून चालत गेले,
एकही न उचलता,
खालच्या ओकुमुरा आजोबांचं अडकलेलं दार ढकलायला.
पुढे वर्षभर फटीफटींतून मोती निघत राहिले.
हानाए-सान ते एका वाटीत टाकी.
ती वाटी विकली गेली नाही, घरातही नाही.

आज संवत्सरी.
सकाळपासून फोन. नैरोबी, अँटवर्प, सुरत.
मिच्छामि दुक्कडं, जाणता अजाणता
काही दुखावलं असेल तर.
हे सोपं. माणसं उलट उत्तर देतात.

मग मी वही उघडते, आता ती माझी आहे,
आणि शेवटच्या रकान्यातला या वर्षीचा आकडा
मोठ्याने वाचते.

दोन इंद्रियांच्या जीवाला कान नसतात.
पाठ आहे मला.
कान नसलेल्याची क्षमा कशी मागायची
हे पाठशाळेत नव्हतं.
पुन्हा वाचते, सावकाश, एकं दहं शतं,
उत्तरेच्या खिडकीत
उजेड आहे तोवर.